वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकेत जाताना

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बॅसिलिकेच्या, म्हणजे ज्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे त्याच्या, भेटीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही सासूबाईंना घेऊन गोव्याला जाणार आहोत. त्यांचे माहेर सावंतवाडीकडचे असून, ‘गोंयच्या सायबा’ला बोललेला त्यांच्या आईचा एक नवस फेडायचा राहिला आहे, असे त्या सांगतात. आम्ही हिंदू आहोत. आम्हांला आत प्रवेश मिळेल का? चपला कोठे काढायच्या? नारळ, फुले न्यावीत का? प्रार्थना चालू असेल तर बसावे की बाहेर थांबावे? आमच्या हातून कोणाचा अवमान होऊ नये, एवढीच इच्छा आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : प्रवेश सर्वांना आहे, त्यासाठी कोणतेही शुल्क नाही आणि कोणी धर्म विचारत नाही. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सेंट फ्रान्सिस झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणून मानणाऱ्या हिंदू कुटुंबांची संख्या मोठी आहे. तेव्हा सासूबाईंच्या नवसाचे तेथे कोणाला नवल वाटणार नाही.

चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात. आपल्याकडची माणसे सवयीने दाराशी पादत्राणे काढून ठेवतात, त्यात अवमान काहीच नाही, पण त्याची आवश्यकताही नाही. पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र आत शिरताना काढावी, कारण आपल्याकडे देवापुढे डोके झाकणे हा आदर मानला जातो, तर चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे ठेवणे हा आदर असतो. स्त्रियांना डोक्यावर पदर घेण्याचे बंधन नाही, घेतला तरी चालतो. बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्ड्या घालून आत जाता येत नाही, आणि समुद्रकिनाऱ्यावरून थेट येणाऱ्यांची येथेच अडचण होते. साडी किंवा पंजाबी ड्रेसला काहीच हरकत नाही. दाराशी भिंतीत पाण्याचे एक पात्र असते. ते आशीर्वादित पाणी असून, कॅथलिक भाविक त्यात बोट बुडवून स्वतःवर क्रुसाची खूण करतात. ते तीर्थ म्हणून प्यायचे नसते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

नारळ फोडण्याची किंवा ओटी भरण्याची पद्धत तेथे नाही. नवस फेडण्याची तेथील रीत म्हणजे मेणबत्ती लावणे आणि दानपेटीत यथाशक्ती दान टाकणे. मेणबत्ती नेमून दिलेल्या जागीच लावावी. वेदीजवळ किंवा समाधीच्या कठड्याजवळ लावू नये. याशिवाय आणखी एक मार्ग आहे, जो मला अधिक मोलाचा वाटतो. कोणाच्या तरी नावाने किंवा एखाद्या कारणाने मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करावी अशी विनंती चर्चच्या कार्यालयात करता येते. सासूबाईंच्या आईच्या स्मरणार्थ अशी विनंती करता येईल का, हे तेथील धर्मगुरूंना मोकळेपणाने विचारावे. नवस त्या माउलीचा होता. तिचे नाव तेथे प्रार्थनेत घेतले जाणे हेच तो फेडणे ठरेल, असे मला वाटते.

मिस्सा चालू असेल आणि तुम्हांला शेवटपर्यंत बसण्याची इच्छा असेल, तर मागच्या बाकांवर बसावे. सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहावे, बसतील तेव्हा बसावे. ते गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही बसून राहिलात तरी चालते. केवळ पाहण्यासाठी आला असाल, तर मिस्सा संपेपर्यंत बाहेर थांबावे. उपासना चालू असताना बाजूच्या वाटेने समाधीकडे जाणे योग्य नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मिस्साच्या उत्तरार्धात लोक रांगेने पुढे जातात आणि धर्मगुरू त्यांना एक पातळ, गोल, पांढरी चकती देतात. आपल्या मनात ‘प्रसाद’ हाच शब्द येतो, आणि प्रसाद नाकारू नये हा आपला संस्कार असल्यामुळे अनेकजण भक्तिभावानेच त्या रांगेत उभे राहतात. तसे कृपया करू नये. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ती चकती साक्षात ख्रिस्ताचे शरीर आहे, आणि ती ग्रहण करण्याचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्या व योग्य तयारी केलेल्या कॅथलिकांनाच असतो. अन्य पंथांच्या ख्रिस्ती माणसांनाही सामान्यतः ती दिली जात नाही. अज्ञानाने घेऊन ती पिशवीत ठेवणे किंवा घरच्यांसाठी नेणे याने तेथील माणसांना फार मोठी वेदना होते. रांग सुरू झाली की आपल्या जागी शांत बसून राहावे. तुम्ही का उठला नाहीत, असे कोणी विचारत नाही.

प्रश्न : सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथे अजूनही आहे आणि ते कुजलेले नाही, हे खरे आहे का? आम्ही गेलो तर ते दिसेल का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पार्थिव तेथे आहे, परंतु ते रोज दिसत नाही, रोज दिसते ती चांदीची पेटी, आणि तीही बरीच उंचावर. शवप्रदर्शन साधारणपणे दर दहा वर्षांनी होते. मागचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले, त्यामुळे प्रथेप्रमाणे पुढचे २०३४ च्या अखेरीस येईल. त्या काळात पार्थिव मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि तेथे काचेच्या पेटीतून त्याचे दर्शन घेता येते.

या शरीराची हकीकत समजून घेतल्याशिवाय पेटीसमोर उभे राहण्यात फारसा अर्थ नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. १५०६ मध्ये स्पेनकडील नवार प्रांतात जन्मलेले झेवियर हे इग्नेशियस लोयोला यांचे आरंभीचे सोबती आणि जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या संस्थापकांपैकी एक होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षे मोत्यांच्या मच्छीमारीचा तमिळ किनारा, त्रावणकोर, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान येथे त्यांनी प्रचार केला. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत असताना, त्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी ते तापाने वारले. अस्थी लवकर मोकळ्या होऊन नेता याव्यात म्हणून पुरताना शवपेटीत चुनकळी घातली होती. परंतु काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा शरीर जसेच्या तसे आढळले, असे तत्कालीन साक्षीदारांनी नोंदवून ठेवले आहे. ते प्रथम मलाक्क्यास आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आले. १६१४ मध्ये उजवा हात कापून घेण्यात आला व त्याचा एक भाग रोमला पाठवला गेला, तो आजही तेथील जेझू चर्चमध्ये आहे. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी पार्थिव बॉम जिझसमध्ये आले.

पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना गोव्यातून हाकलल्यावर, त्यांनी जाताना पार्थिव बदलले किंवा पळवले, अशी अफवा पसरली. ती मोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये पहिल्यांदा पार्थिव जनतेला दाखवण्यात आले. म्हणजे आज ज्या सोहळ्याला लाखो माणसे येतात, त्याची सुरुवात एका शंकेच्या निरसनासाठी झाली.

आता ‘कुजलेले नाही’ याविषयी. साडेचार शतकांहून अधिक काळ गेलेले हे शरीर आज सुकून गेले आहे, आणि चर्चही त्याचा उल्लेख ‘पवित्र अवशेष’ असाच करते. ते चमत्काराने टिकले असे मानायचे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. पण ‘ममी पाहायची आहे’ एवढ्याच उत्सुकतेने तेथे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. शेजारी कोणी आजारी मुलासाठी डोळे मिटून प्रार्थना करत असते, आणि आपण मात्र पेटीच्या काचेतून काय दिसते याची मोठ्याने चर्चा करतो, हे दृश्य तेथे फार वेळा दिसते आणि ते पाहताना मनाला लागते.

शिवाय जे रोज दिसते तेही कमी नाही. पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातील चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी घडवली असून, तिच्यावरील बत्तीस पत्र्यांवर संताच्या आयुष्यातील प्रसंग कोरले आहेत. ज्या उंच संगमरवरी समाधीवर ती ठेवली आहे, ती तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची भेट आहे. झेवियर यांच्या मस्तकाखालची उशी त्याला मिळाली, तिची ही परतफेड, असे सांगतात. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने सुमारे दहा वर्षे खपून ती केली आणि १६९८ मध्ये ती गोव्यात उभी राहिली. चार बाजूंना ब्राँझचे चार फलक आहेत. त्यांपैकी एकावर झेवियर यांचा त्या एकाकी बेटावरचा मृत्यू दाखवला आहे. पेटी नीट दिसावी म्हणून लोक कठड्याला खेटून वर पाहतात, पण चार पावले मागे सरकल्यावरच समाधी आणि पेटी एकत्र दिसतात.

प्रश्न : गोव्यातील बहुतेक चर्चे पांढरीशुभ्र असताना हे एकच तांबूस-तपकिरी का? आत काय पाहावे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते मुळात तसे नव्हते. भिंती जांभ्या दगडाच्या आहेत आणि त्यांवर इतर चर्चप्रमाणेच चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने जीर्णोद्धाराच्या नावाखाली तो काढून टाकला. कोकणात जांभ्याचे घर असलेल्या कोणालाही याचा परिणाम सांगावा लागणार नाही: उघडा जांभा पाऊस शोषतो आणि झिजत जातो. पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी अनेक वर्षे होत आहे. तर लोकांच्या मनात बसलेले हे तांबूस रूप जाऊ नये, असे काहींना वाटते. छायाचित्रांत हे रूप देखणे दिसते हे मान्य करूनही, दगड वाचवण्यासाठी गिलावा परत यावा, असेच माझे मत आहे.

दर्शनी भागातील खांबांचा काळा दगड मात्र जांभा नव्हे. तो बेसॉल्ट असून वसईहून समुद्रमार्गे आणला होता. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये, आणि या चर्चचा पाया घातला गेला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी. १६०५ मध्ये ते पूर्ण होऊन आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. बांधकामाचा पैसा मुख्यतः कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यश याच्या मृत्युपत्रातून आला. त्याचे स्मारक आत भिंतीतच आहे. १९४६ मध्ये पोप बारावे पायस यांनी या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला आणि १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील इतर चर्चसह ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आले.

आत शिरल्यावर मुख्य वेदीवरची सोन्याने मढवलेली भव्य मूर्ती पाहून ती झेवियर यांची असावी असे वाटते, पण ती इग्नेशियस लोयोला यांची आहे. त्यांची नजर वर, सोनेरी तेजोवलयातील येशूच्या नामाक्षरांकडे लागलेली आहे. ज्या बाळ येशूच्या नावाने हे चर्च आहे, त्याची लहान मूर्ती इग्नेशियस यांच्या पायाशी आहे, आणि ती मुद्दाम शोधावी लागते. झेवियर यांचे कपेल, म्हणजे त्यांची समाधी असलेले छोटे प्रार्थनादालन, वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येते. सहलीच्या गाड्या येथे अर्धा तास थांबतात. तो पुरत नाही. निदान दीड तास हाताशी ठेवावा आणि त्यातली पंधरा मिनिटे तरी बाकावर नुसते बसावे.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो की, ज्यांनी इन्क्विझिशन मागवले आणि ज्यांच्या काळात देवळे पाडली गेली, त्यांच्या समाधीला आपण का जायचे? मला उत्तर देता आले नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलाने वाचून प्रश्न विचारला आहे, तेव्हा त्याला ‘जुने उकरू नको’ असे सांगून गप्प करू नये.

तो म्हणतो त्यातला इतिहास खरा आहे. तिसवाडीतील, म्हणजे जुने गोवे ज्यात येते त्या भागातील, देवळे १५४० पासून पाडली जाऊ लागली, म्हणजे झेवियर येण्याच्या आधी दोन वर्षे. पुढे बार्देश आणि साष्टी येथेही तेच झाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली ती याच काळात. आज आपण ज्या देवळांना श्रद्धेने जातो त्यांतली कित्येक या विस्थापनातून उभी राहिलेली आहेत. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यासाठी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्माविरुद्धच्या आचरणाची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या न्यायपीठाची, मागणी केली होती. त्यांचा रोख ख्रिस्ती होऊनही यहुदी किंवा मुसलमान रीतीने राहणाऱ्यांवर होता. प्रत्यक्षात हे न्यायपीठ त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. ती मागणी त्यांची होती. ती नाकारून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे नाही, असे मी मानतो.

मात्र मुलाला आणखीही एक गोष्ट सांगावी. इन्क्विझिशनचा सर्वाधिक छळ सोसला तो धर्मांतर केलेल्या स्थानिक माणसांनी. घरात तुळस ठेवली, जुने सणवार पाळले, अशा संशयावरून त्यांना धरले जाई. आज त्या बाकांवर गुडघे टेकून कोंकणीत प्रार्थना करणारी गोव्याची माणसे त्यांचे वंशज आहेत. चार शतकांच्या भक्तीने ती जागा त्यांची झाली आहे. तेथे जाणे म्हणजे त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जाणे आहे; त्या न्यायपीठाला मान देणे नव्हे.

मराठ्यांच्या इतिहासाशीही या समाधीचा सरळ संबंध आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल करून जुवे बेट घेतले, तेव्हा राजधानी पडणार अशी पोर्तुगीजांची खात्री झाली. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट बॉम जिझसमध्ये आला, त्याने शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन करून राज्य राखण्याची याचना केली. जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा पुत्र मोठे सैन्य घेऊन कोकणात उतरला, त्यामुळे महाराजांना मागे वळावे लागले. पोर्तुगीजांनी त्याचे श्रेय संताला दिले, आणि पुढे नवे गव्हर्नर अधिकारग्रहणाच्या वेळी या समाधीपाशी येत राहिले. कपेलासमोर उभे असताना हा प्रसंग मुलाला सांगावा. पुस्तकापेक्षा तो तेथे अधिक समजेल.

शक्य असेल तर त्याच दिवशी आणखी एक करावे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. गोव्याच्या कदंब राजघराण्याचे दैवत असलेल्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान हे. ते देऊळ पोर्तुगीजांनी नष्ट केल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे गेला, आणि तेथील देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये दिली. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जाणारी फेरीबोट असते. बॅसिलिका आणि सप्तकोटीश्वर ही दोन्ही स्थाने एका दिवसात पाहिलेल्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित स्वतःच शोधता येईल, आणि ते तुमच्या किंवा माझ्या उत्तरापेक्षा निराळे असले तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : फेस्ताच्या वेळी जावे की टाळावे? जायचे कसे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फेस्त, म्हणजे संताचा वार्षिक सण, ३ डिसेंबरला असते आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची प्रार्थना, चालते. भक्तिभावाचे वातावरण अनुभवायचे असेल तर नोव्हेनाच्या एखाद्या आडवारी जावे. मिस्सा उघड्यावर मांडवात होतात, बाहेर फेरी, म्हणजे जत्रा, भरते, खाजे आणि मेणबत्त्यांची दुकाने लागतात. फेस्ताच्या मुख्य दिवशी गर्दी अतोनात असते, म्हणून त्या दिवशी वृद्धांना किंवा लहान मुलांना नेऊ नये. केवळ वास्तू पाहायची असेल तर रविवार सकाळ आणि नाताळच्या सुट्टीचा काळ टाळावा.

पणजीहून जुने गोवे सुमारे दहा किलोमीटरवर असून ‘कदंब’ या सरकारी परिवहन महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्या सतत असतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत जवळचे आहे. मिस्साच्या वेळा सणांप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या चौकशी करून नक्की कराव्यात.